दीक्षितपुऱ्याचा बेडूक, मदन महलचा बेडूक

आमच्या दीक्षितपुऱ्यातल्या घराच्या न्हाणीत पाण्याचं टाकं होतं आणि टाक्यामागे भिंतीला चिकटून एक बेडूक राहायचा. मातकट रंग, पाठीवर फिकट ठिपके, बोटांच्या टोकांना बारीक गोल गाद्या. दिवसभर हातपाय पोटाशी घेऊन बसायचा आणि अंधार पडला की झरोक्यातून बाहेर जायचा. आंघोळ करणाऱ्याकडे त्याचं लक्ष नसे आणि आमचं त्याच्याकडे नसे. जबलपुरात असे बेडूक घरोघरी होते. कुणी त्यांना हाकलत नसे, कुणी कौतुकही करत नसे.

एम. एस्सी. झाल्यावर मी विद्यापीठात संशोधनासाठी नाव घातलं तेव्हा माझ्या गाइडनी मला विषय म्हणून हाच बेडूक दिला. "घरोघरी सापडतो," ते म्हणाले. "जंगलात भटकायला नको. घरच्यांनाही बरं वाटेल." सर नागपूरचे. राज्यांची फेररचना झाली तेव्हा खात्याबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. वर्गात हिंदी, माझ्याशी मराठी, आणि रागावले की इंग्रजी, असा त्यांचा नेम होता.

आमच्याही घरात असंच काहीतरी होतं. बाबा वर्ध्याकडच्या गावाहून फॅक्टरीत फिटर म्हणून लागले तेव्हा गाव आणि जबलपूर एकाच प्रांतात होतं. पुढे गाव एका राज्यात गेलं आणि आम्ही दुसऱ्यात राहिलो. आई शेवटपर्यंत गावचीच भाषा बोलली. मी घरात मराठी बोलत असे आणि गल्लीत हिंदी. मोजायला मी शाळेत हिंदीत शिकले, त्यामुळे आजही मनातल्या मनात हिंदीतच मोजते. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजतानाही 'इक्कीस, बाईस, तेईस' असंच चालायचं.

सव्वीस व्हायची. या बेडकाच्या पेशीत सव्वीस गुणसूत्रं असतात, तेरा जोड्या. त्यातल्या पाच मोठ्या, आठ लहान. ती दिसावीत म्हणून बेडकाला आधी एक औषध टोचतात. त्याने पेशींची विभागणी मधेच थांबते आणि गुणसूत्रं आखडून जाड होतात. मग बेडूक मारून मांडीच्या हाडातला मगज काढायचा, पेशी पाण्यात फुगवायच्या, ॲसिडमध्ये पक्क्या करायच्या आणि गार काचपट्टीवर वरून थेंब सोडायचा. थेंब नीट फुटला तर गुणसूत्रं सुटी पसरतात. नाही फुटला तर ढीग दिसतो. बहुतेक वेळा ढीगच दिसायचा. चांगला पसरलेला गुच्छ सापडला की त्याचा फोटो काढायचा, मोठा करायचा, कात्रीने एकेक गुणसूत्र कापून जोड्या लावायच्या आणि पुठ्ठ्यावर चिकटवायच्या.

प्रत्येक गुणसूत्राला कुठेतरी एक कंबर असते. पण एखाद्या जोडीला त्याशिवाय आणखी एक बारीक जागा असते, तिथे कुणी दोऱ्याने आवळलं असावं अशी. माझ्या बेडकांत ही जागा एका लहान जोडीवर होती. दीक्षितपुऱ्यातल्या शेजारपाजारच्या घरांतून मी बेडूक गोळा केले होते, आणि चांगल्या निघालेल्या प्रत्येक काचपट्टीवर ती जागा त्याच जोडीवर होती. सर खूष होते.

माझ्या पुढच्या तुकडीचा एक सीनियर याच बेडकावर काम करत होता. घर सराफ्यात, तीन पिढ्यांचं सोनारकाम. त्याला आम्ही सगळे भैया म्हणत असू. मी त्याच्यापेक्षा लहान, तरी तो मला दीदी म्हणे. बोलणं कमी, हात मात्र विलक्षण स्थिर. फोटोतली गुणसूत्रं कापताना आमच्या कडा दातरलेल्या निघत, त्याच्या एका रेषेत. तो बेडूक आणायचा मदन महलच्या टेकडीवरून, मोठमोठ्या खडकांच्या कपारींतून. वस्तीतला आणि टेकडीवरचा बेडूक एकाच जातीचा, असं सरांनी पूर्वी एका लेखात लिहिलं होतं. आता गुणसूत्रांवरून ते पक्कं करायचं, एवढंच आमचं काम होतं. दोन्ही बेडूक शेजारी ठेवले तर खरंच फरक सांगता येत नसे. आकार तोच, ठिपके तसेच, गाद्याही तशाच.

भैयाच्या काचपट्ट्यांवर मात्र ती आवळलेली जागा लहान जोडीवर नव्हती. मोठ्या जोड्यांपैकी एका जोडीवर होती.

त्याने हे सरांना दाखवलं तेव्हा हिवाळा होता. आम्ही सगळे चहा प्यायला जमलो होतो. सरांनी काचपट्टी पाहिली, पुन्हा पाहिली, आणि म्हणाले, "हा चुरगळलेला पसारा आहे. यावरून काहीच ठरत नाही." मग हिंदीत, सगळ्यांसमोर: "हाथ साफ़ रखिए. हाथ साफ़ होगा तो क्रोमोसोम भी साफ़ दिखेंगे."

भैयाने काचपट्टी उचलली, पुसली आणि डबीत ठेवली. "जी," एवढंच म्हणाला. मला त्या वेळी कोण बरोबर हे सांगता आलं नसतं. माझं काम जेमतेम मला येऊ लागलं होतं.

त्यानंतर त्याने तेच काम पुन्हा केलं. नवे बेडूक, नवं औषध, नव्या काचपट्ट्या. जागा मोठ्याच जोडीवर आली. सर म्हणाले, "तीच चूक दोनदा केली तर ती बरोबर होत नाही." उन्हाळ्यात त्याच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुकानात बसायला कुणीतरी हवं म्हणून तो येईनासा झाला. जाताना त्याच्या काचेच्या बरणीत मदन महलचे दोन बेडूक उरले होते. "छोड़ देना या काम में ले लेना, दीदी," तो मला म्हणाला. "मेरा तो हो गया."

मी ते कामात घेतले. औषध माझं, पाणी माझं, थेंबही मीच सोडला. खरं सांगायचं तर ती आवळलेली जागा लहान जोडीवर दिसेल अशीच माझी अपेक्षा होती, कारण तोवर माझ्या प्रत्येक काचपट्टीवर ती तिथेच दिसली होती. सबंध दुपार शोधल्यावर एक चांगला गुच्छ मिळाला. मोजली, छब्बीस. जागा मोठ्या जोडीवर होती. मी उठून पाणी प्यायले आणि पुन्हा पाहिलं.

सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरण्यांची अदलाबदल झाली असेल."

"नाही सर. एकच बरणी होती, भैयाने माझ्याच हातात दिली."

"मग तुझा हात बिघडला असेल." पण हे त्यांनी हळू आवाजात म्हटलं. थोड्या वेळाने स्वतःच माझ्या टेबलाशी आले, खुर्ची ओढून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसले. उठताना म्हणाले, "पावसाळ्यात पुन्हा करू. या वेळी कुठल्या बाटलीत कुठला बेडूक आहे हे तुला माहीत असणार नाही. फक्त मला माहीत असेल."

ते मला योग्य वाटलं. राग आला नाही.

अडचण निघाली ती आमच्या घरातून. श्रावणात गल्लीतले बेडूक जमवायला गेले तर बरीच घरं पक्की झालेली, न्हाण्यांना फरश्या बसलेल्या, बेडूक गेलेले. आमच्या टाक्यामागचा मात्र होता. मी बाटली घेऊन आत गेले तशी आई दारात उभी राहिली.

"काय करून राहिली वो तू?"

"बेडूक नेते."

"मारासाठी?"

मी टाक्यामागे हात घातला.

"त्याले हात लावायचा नाही," आई म्हणाली. "थो आपल्या घरचा आहे."

"आई, गेल्या वर्षी मी इतके नेले तेव्हा तू काहीच म्हणाली नाहीस."

"थे दुसऱ्यांच्या घरचे होते. मले दिसले नाही. हा मले रोज दिसते." आणि वर विचारलं, "काहून मारा लागते तुमाले? नुसतं पाहून नाही समजत?"

नुसतं पाहून समजत नाही म्हणून तर हे सगळं चाललं होतं. पण आईसमोर मला ते नीट मांडता आलं नाही. बाबा फॅक्टरीतून आल्यावर त्यांच्याकडे गेले. "न्हाणी तिची आहे," म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं.

दोन-तीन दिवसांनी टाक्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या वर, पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटलेला दिसला. कपडे धुताना साबणाचा फेस उडावा तसा. हे बेडूक अंडी पाण्यात न घालता पाण्यावर असा फेस करून त्यात घालतात. पिल्लं निघाली की फेस विरघळतो आणि ती खाली पाण्यात पडतात. मला एकदम सुचलं की बेडूक न मारताही काम होईल. पिल्लांच्या शेपटीचं टोक वाढतं असतं. त्यात विभागणाऱ्या पेशी असतातच. टोक कापून घ्यायचं, पिल्लू सोडून द्यायचं. शेपटी परत येते.

सरांना विचारलं. ते म्हणाले, "गुच्छ चांगले मिळणार नाहीत. शंभर पाहशील तेव्हा एक दिसेल." मी म्हटलं, पाहीन.

आईला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. "शेपटी पुन्हा येते म्हणे! कोणी पाह्यलं?"

"तूच पाहा."

पिल्लं पाण्यात पडल्यावर मी टाक्यातली काही पिल्लं एका तसराळ्यात घेतली, औषधाच्या पाण्यात ठेवली, बारीक कात्रीने टोकं कापली आणि त्यांना साध्या पाण्यात परत सोडलं. तसराळं आईने आपल्या ताब्यात घेतलं. तुळशीजवळ सावलीत ठेवायची, वर चाळणी झाकायची, पालकाची पानं उकडून घालायची. काही पिल्लं मेली. ती तिने मला न विचारता काढून मातीत पुरली. बाकीची जगली. एक दिवस मी घरी आले तर तिने दारातच सांगितलं, "आली. खरंच आली. थोडी बारीक आहे पण आली." त्यानंतर माझ्या कामाला तिची हरकत राहिली नाही. शेजारणी आल्या की ती त्यांना तसराळं दाखवायची. आमची मुलगी काय करते हे सांगायला तिला पहिल्यांदाच काही मिळालं होतं.

मदन महलचं फेसाचं घरटं आणायला बाबा बरोबर आले. रविवारी सकाळी लवकर, त्यांच्या सायकलवर मागे बसून. पावसाळ्यात तिथल्या खडकांच्या खळग्यांत पाणी साचतं. अशाच एका खळग्यावर वाकलेल्या फांदीला फेसाचा गोळा लोंबत होता. बाबांनी आपल्या डब्याच्या झाकणात पाणी घेतलं, फांदीसकट गोळा कापून अलगद आत उतरवला, आणि उतारावरून सायकल हातात धरून चालत नेली. सायकलवर बसलो तर पाणी सांडेल म्हणाले. घरापर्यंत आम्ही चालत आलो. वाटेत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दोन निघाले तर काय होईल?"

"तर दोन आहेत हे कळेल."

"बरं," ते म्हणाले.

दोन्हीकडची टोकं कापून वेगवेगळ्या बाटल्यांत भरल्यावर त्या सरांनी घेतल्या. आपल्या खोलीत नेऊन प्रत्येकीच्या गळ्याला वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधला आणि मला परत दिल्या. दीक्षितपुऱ्याचं काय आणि मदन महलचं काय, मला कळायला मार्ग नव्हता. सर म्हणाले होते तसंच झालं. काचपट्टीमागून काचपट्टी, नुसते ढीग. डोळे चुरचुरायचे. पण एकेक करत गुच्छ मिळत गेले आणि मी सरांना सांगत गेले: लाल दोरा, लहान जोडी. पिवळा दोरा, मोठी जोडी. हिरवा, मोठी. पांढरा, लहान. ते ऐकून घेत, मान हलवत, चेहऱ्यावर काही दिसू देत नसत.

शेवटची बाटली झाली तेव्हा ते उठून माझ्या टेबलाशी आले. एकेक काचपट्टी स्वतः पाहिली. मग चष्मा काढून हातात धरला.

"लाल आणि पांढरा तुमच्या घरचे," ते म्हणाले. "बाकी दोन टेकडीवरचे. एकही चुकलं नाही."

मला आनंद झाला. सरांनी चष्मा पुन्हा लावला. एकच जात, हे त्यांनी स्वतः लिहिलं होतं. मग म्हणाले, "फोटो झालेत का?"

"झालेत. जोड्याही लावल्यात."

"पुठ्ठे घे. सराफ्यात जाऊन येऊ."

सराफ्याच्या गल्लीत सर कधी येत नसत. दुकान शोधायला वेळ लागला. पांढऱ्या गादीवर भैया बसला होता, शेजारी काळा चष्मा लावून त्याचे वडील. समोर दोन बायका पाटल्या बघत होत्या. सरांनी चपला काढल्या, वर चढले आणि गादीच्या कडेला बसले. भैया घाईने उठला. "सर, आप यहाँ?"

"बैठिए," सर म्हणाले. मग त्या बायका, वडील, चहा घेऊन आलेला माणूस, सगळे ऐकत असताना म्हणाले, "मैंने सबके सामने कहा था कि आपका हाथ साफ़ नहीं है. वो मैंने ग़लत कहा था. हाथ साफ़ था. मेंढक ही दो हैं."

भैया काही बोलायच्या आधी त्याच्या वडिलांनी मान वळवली. "किसका हाथ साफ़ नहीं था?"

"बाबूजी, छोड़िए," भैया म्हणाला.

"कैसे छोड़ें? इसका हाथ?" ते सरांच्या दिशेने वळले. "मास्टर साहब, इसने बारह बरस की उमर में नथ जोड़ी थी, टाँका ढूँढ के दिखा दे कोई. आपने इसको बोला हाथ साफ़ नहीं?" पाटल्या बघणाऱ्या बायका थांबल्या होत्या. म्हातारबुवा बोलत राहिले, नथीवरून साखळीवर, साखळीवरून आपल्या वडिलांवर गेले. सर शांतपणे ऐकत राहिले. मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "आप ठीक कह रहे हैं." तेव्हा कुठे म्हातारबुवा थांबले आणि चहा सरकवला. "तो अब चाय पीजिए."

मी पुठ्ठे भैयासमोर ठेवले. त्याने सोनारकामाचं भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक जोडी पाहत गेला. दीक्षितपुऱ्याचा पुठ्ठा, मग मदन महलचा, मग पुन्हा पहिला. त्याचा चेहरा भिंगाआड होता, त्यामुळे त्याला काय वाटलं हे मला दिसलं नाही. शेवटी म्हणाला, "दीदी, ये आख़िरी वाली जोड़ी में एक आपने उलटा चिपकाया है."

खरंच उलटं होतं.

ते दोन्ही पुठ्ठे त्याने ठेवून घेतले आणि दुकानात बसून, दुपारी गिऱ्हाईक नसताना, पुन्हा कापून लावले. छापले गेले ते त्याचेच. लेखावर तिघांची नावं आली. लिहिताना सर आणि मी एका शब्दावर अडलो. मी लिहिलं होतं, या दोन जाती आहेत. सरांनी त्यावर काट मारून 'असाव्यात' केलं. मी वाद घातला. त्यांनी समजावलं: या बेडकाला जुनं नाव दिलं गेलं ते दूरच्या एका संग्रहालयात स्पिरिटमध्ये ठेवलेल्या बेडकावरून. त्याच्यात आता मोजण्याजोगं काही उरलेलं नाही. तो आपल्या न्हाणीतल्यासारखा होता की टेकडीवरच्यासारखा, कोण सांगणार? आणि दोनच ठिकाणांहून सगळ्या प्रदेशाचं कसं सांगणार? "दोन आहेत हे मला पटलंय," ते म्हणाले. "पण नाव कुणाचं हे माहीत नसताना 'आहेत' म्हणायचं नाही." 'असाव्यात'च छापलं गेलं. पुढे मला ते बरोबर वाटू लागलं.

लेख छापून आल्यावर त्याच्या प्रती द्यायला मी पुन्हा सराफ्यात गेले. भैयाने प्रत उलटसुलट करून पाहिली, पुठ्ठ्यांचं पान उघडून वडिलांच्या हातात दिली. त्यांना आता एका डोळ्याने बरं दिसत होतं. मी भैयाला विचारलं, परत येणार का? सरांनी विचारायला सांगितलं होतं. त्याची जागा अजून तशीच ठेवली होती.

तो जरा हसला. "नहीं दीदी."

"सर पर ग़ुस्सा है?"

"नहीं, नहीं. सर तो यहाँ तक आए. कौन आता है?" त्याने समोरचा काळा कसोटीचा दगड उचलून पुसला. "बात ये है कि यहाँ सोना घिसो तो उसी वक़्त, ग्राहक के सामने, पता चल जाता है. वहाँ मेरी बात सच थी और सच निकलने में साल लग गया. वो साल मुझे अच्छा नहीं लगा."

मी त्याला समजवायला गेले नाही. त्याचं म्हणणं मला कळलं होतं. मला स्वतःला ते वर्ष वाईट गेलं नव्हतं, पण मला कुणी सगळ्यांसमोर काही म्हटलंही नव्हतं.

सरांना निरोप सांगितला. ते "बरं" म्हणाले आणि पुढच्या तुकडीची परीक्षा घ्यायला निघून गेले. भैयाचं टेबल खिडकीपाशी होतं, उजेड चांगला यायचा. जुलैत विभाग उघडला तेव्हा ते मला मिळालं.